सारवलेल्या अंगणातला गोल्फ

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी चहात पडलेलं बिस्कीट चमच्याने वर काढण्याच्या खटपटीत होतो. सकाळी त्या वेळेला त्यांचा फोन म्हणजे दत्ताचं खेळायला बोलावणं, हे इतकं ठरून गेलेलं होतं की पलीकडून काय बोलतायत ते न ऐकताच मी सुरू झालो. "वहिनी, त्याला सांगा, आज माझी कंबर धरलीय. आज एकटाच खेळ म्हणावं, आणि हरलास तर मला कळव." इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण थांबायचं कुठे हे मला कधी कळलेलं नाही. पुढे मी त्याची गोणपाटं, ते शेण, दोरीने बांधलेला चष्मा, सगळ्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. वहिनींनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही या. डॉक्टर आत्ताच येऊन गेले... काही उरलं नव्हतं."

मी पोचलो तेव्हा दत्ताला ओटीवर आणून ठेवलं होतं. त्याची अर्धी दाढी झालेली होती. एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर साबण वाळून पांढरी पापडी धरलेली. जन्मभर बोटीवर इंजिनं सांभाळलेला, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर टाकून उठणं त्याला ठाऊक नव्हतं. कोणीतरी ओल्या फडक्याने तो साबण पुसला. माझ्या तोंडात त्याला रोज घालायची शिवी आली होती, साठ वर्षांच्या सवयीची, प्रेमाची. ती त्या दिवशी उच्चारता येईना. आणि मनात आलं ते हे, की लेका, सगळी तयारी झाली आणि आता निघालास. ते दुःख होतं की राग, हे आज इतक्या आठवड्यांनीही मला सांगता येत नाही. बहुतेक रागच.

तयारी कशाची, ते सांगायला हवं. दत्ता गोल्फ खेळायचा. रत्नागिरीत, गोळपच्या कातळी सड्याखालच्या आपल्या घरासमोर, शेणाने सारवलेल्या अंगणात. हसू आलं असेल तर हसून घ्या, आम्ही सगळेच हसलो होतो. अख्खा गोल्फ नाही म्हणा. त्यातला शेवटचा तुकडा, ज्याला पटिंग म्हणतात तो. चेंडू भोकाच्या जवळ आला की तो उडवायचा नाही, पटर नावाच्या चपट्या दांड्याने जमिनीवरून हलकेच ढकलायचा आणि भोकात घालायचा. सांगताना सोपं वाटतं. मी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, लोकांना 'हलू नका' सांगण्यात माझं आयुष्य गेलं, आणि या खेळात स्वतःला हलू न देणं मला एकदाही जमलं नाही.

हे खूळ त्याच्या मुलाने, निखिलने, घरात आणलं. निखिल पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. वरच्या साहेबांबरोबर बसउठ करायची तर गोल्फ खेळावा लागतो म्हणून तो शिकला. नवा संच घेतला तेव्हा जुना पटर आणि थोडे चेंडू त्याने बापाला आणून दिले. "बाबा, टीव्हीपुढे बसण्यापेक्षा हे करा. हात बसला की या आमच्या क्लबवर, खेळू आपण दोघं." तो सहज बोलला असेल. दत्ताने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. कारण निखिल लहान होता तेव्हा दत्ता कायम समुद्रावर. आठ-नऊ महिन्यांनी घरी यायचा तेव्हा पोर आईच्या मागे लपायचं, ओळख पटेपर्यंत याची निघायची वेळ व्हायची. क्रिकेट, गोट्या, पत्ते... बापलेक एकमेकांबरोबर काही म्हणजे काही खेळलेले नव्हते. सत्तरीला आलेल्या माणसाला लेकाने 'खेळू आपण दोघं' म्हटलं होतं. तो मला एकदा म्हणाला होता, "बाळ्या, एक डाव नीट झाला पाहिजे बघ त्याच्याबरोबर. एक झाला तरी पुरे." एवढंच त्याला हवं होतं. त्याहून मोठं काही नाही, आणि तेवढंही...

असो. दिवाळीनंतर आमच्याकडे अंगण करतात. पावसाने उखणलेली जमीन खणायची, माती पसरायची, पाणी मारून लाकडी चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची आणि वर शेणाचं सारवण. त्या वर्षी चोपणं चालू असतानाच दत्ताने तुळशीच्या अलीकडे गोल्फच्या भोकाच्या मापाचा पत्र्याचा डबा जमिनीत पुरला आणि त्याचं तोंड अंगणाच्या बरोबरीला आणलं. वहिनी ओटीवरून बघत होत्या. "माझ्या अंगणाला भोक पाडलंत?" त्या म्हणाल्या. दत्ता म्हणाला, "होल म्हणतात गो त्याला." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणा काही. सारवताना हात माझा जाणार आहे त्यात." आणि तो जायचाच. दर आठवड्याला त्या गुडघ्यांवर वाकून सारवत यायच्या आणि डब्याच्या कडेशी आल्या की हात आखडता घेऊन गोल फिरवायच्या. हल्ली गुरं कोणाकडे राहिलेली नाहीत, शेणासाठी हिंडावं लागतं, आणि हिंडायचं काम माझ्याकडे आलं. एकदा शेणाची पिशवी स्कूटरच्या डिकीत विसरून मी तसाच पालीला एका लग्नाला गेलो. आहेराची पैठणी त्याच डिकीत होती. यजमानीणबाईंनी ती उघडून वास घेतला आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेचा फोटो कोणी काढायला हवा होता.

त्या पहिल्या हंगामात दत्ता जे करायचा त्याला मी तरी सराव म्हणायचो. बादलीभर चेंडू घ्यायचे, पायरीशी उभं राहायचं आणि एकामागून एक ढकलत सुटायचं. पहिले काही चुकायचे, मग हात अंदाज धरायचा, मग टण टण टण डब्यात पडत राहायचे. अंगणाला पाणी वाहून जायला कुंपणाच्या दगडी गडग्याकडे उतार ठेवलेला असतो, तो त्याच्या मनगटात बसला. नवं सारवण कसं पळतं, आठवड्याने धूळ धरलेलं कसं अडवतं, तेही कळायला लागलं. येणारेजाणारे गडग्यावरून डोकवायचे. "काय चीफसाहेब, म्हातारपणी गोट्या?" तो मान वर न करता म्हणायचा, "ये, तू पण खेळ." मार्चपर्यंत त्याचा दहातला एखादाच चुकत असे. त्याने निखिलला फोन केला. निखिल म्हणाला, या.

आम्ही दोघं गेलो. मी कशाला, हा प्रश्न वहिनींनी विचारला होता आणि त्यांचं बरोबर होतं. क्लबच्या दारातच माझ्या चपला नडल्या. तिथल्या माणसाने कुठूनतरी बूट काढून दिले, त्यात माझ्या पायाशेजारी आणखी एक पाय राहिला असता. निखिलबरोबर त्याचे साहेब होते. ठरलं असं की लांबचे फटके ते दोघं मारणार आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या गालिच्यासारख्या हिरवळीवर, पटिंगला दत्ताने यायचं. पहिल्याच ग्रीनवर मी ते बूट ओढत साहेबांच्या चेंडूसमोरून सरळ चालत गेलो. चेंडू ज्या वाटेने जाणार त्या वाटेवर पाय द्यायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. मागे वळून पाहिलं तर हिरवळीवर नांगर फिरवल्यासारख्या दोन रेघा. साहेब सज्जनपणे हसले. माझी शोभा अशी सुरुवातीलाच होऊन गेल्यामुळे पुढे माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे दत्ताकडे बघत होते.

दत्ता वाकला, नीट उभा राहिला, आणि घरच्यासारखाच ढकलला. चेंडू निघाला आणि अर्ध्या वाटेत बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला, थकलेल्या माणसासारखा. घरचं अंगण टणक, तिथे नुसता इशारा पुरायचा. इथे गवत होतं. दुसऱ्यांदा त्याने जोर लावला तर चेंडू भोक ओलांडून पार कडेला. उतार कुठला कुठे. आणि एक चुकला की लगेच दुसरा ठेवायला इथे बादली नव्हती. दर वेळी नवी जागा आणि एकच चेंडू. तिसऱ्या की चौथ्या ग्रीनवर साहेब निखिलकडे वळून मजेत म्हणाले, "हेच का रे ते तुझे शेणावरचे चॅम्पियन?"

म्हणजे ही गोष्ट ऑफिसात सांगून झाली होती. गंमत म्हणून. आणि निखिल हसला. मोठ्याने नाही, नाकातून, माणूस साहेबांपुढे हसतो तसा. दत्ता चेंडू उचलायला वाकला होता, तो तसाच वाकून राहिला. मग सरळ होऊन साहेबांना म्हणाला, "हो. मीच तो." अगदी सभ्यपणे. पुढच्या सगळ्या ग्रीनवर तो खेळला, सगळीकडे चुकला, शेवटी टोपी काढून साहेबांशी हात मिळवला. निखिलने गाडीत एसीबद्दल विचारलं, जेवायला कुठे थांबायचं विचारलं. त्या दुपारबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बसने परत निघालो. आंबा घाट उतरून साखरप्याला बस थांबली तेव्हा मी भजी घेऊन आलो. दत्ता म्हणाला, "तू खा." भजी मला देऊन टाकणारा दत्ता मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

अपमानाने पेटून वगैरे उठला असेल असं कोणाला वाटेल. तसलं काही नाही. बंद पडलेलं इंजिन उघडायला बसावं तसा तो बसला. तीन-चार दिवस नुसता ओटीवर बसून अंगणाकडे बघत होता. मग मला म्हणाला, "बाळ्या, मी पटिंग शिकलोच नव्हतो रे. मी आमचं अंगण पाठ केलं होतं."

पुढे त्याने जे केलं ते मी रोज बघत होतो, आणि त्याचा शत्रुपक्ष म्हणून बऱ्याचदा हरतही होतो. सगळ्यात आधी बादली माळ्यावर गेली. चेंडू एकच. "दुसरा हाताशी असला की पहिला कोणी मनापासून मारत नाही," तो म्हणायचा. मग अंगणाचा वेग मोडायचा म्हणून त्याने गोणपाटं उसवून शिवून लांबच्या लांब पट्टा केला आणि खुंट्या मारून ताणून बसवला. कधी कोरडा, कधी ओला, कधी अर्धा ओला. ओल्यावर चेंडू अगदी पुण्यासारखा रुसायचा. माझ्यातही उत्साह संचारला आणि एका मंडपवाल्या मित्राकडून मी त्याचा टाकून दिलेला हिरवा गालिचा आणला. अंगणात उलगडला, छान दिसत होता. कुठल्यातरी लग्नातला गुलाबजामचा पाक त्यात मुरलेला होता हे आम्हाला तासाभरात कळलं, कारण सड्यावरच्या सगळ्या मुंग्या जेवायला आल्या. चेंडू डब्यात पडला तोही काळा होऊन. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वेळी पंगतच घेऊन या."

त्याचा रोजचा क्रम असा. आधी भोक झाकून टाकायचं. गोणपाटावर एक सुतळी आडवी टाकायची आणि चेंडू तिच्यापाशी थांबवायचा, पुढेही नाही, मागेही नाही. ढकलला की डोळे मिटायचे आणि बघायच्या आधी सांगायचं, कमी पडला की जास्त. "हाताला काय वाटलं ते डोळ्याच्या आधी कळायला हवं." मग पटरच्या रुंदीला जेमतेम पुरेल इतक्या अंतरावर दोन सुपाऱ्या ठेवायच्या आणि त्यांच्यामधून दांडा न्यायचा. सुपारी हलली तर हात वाकडा गेला. मी खेळायचो तेव्हा सुपाऱ्या थेट विहिरीकडे निघायच्या. मग भोकाभोवती हातभर अंतरावर गोल फिरत प्रत्येक बाजूने एकेक घालायचा. एक चुकला की फेरी पहिल्यापासून, आणि वर शिक्षा म्हणून वहिनींच्या झाडांना विहिरीचं एक घागर पाणी. त्या उन्हाळ्यात अबोलीला असा बहर आला की वहिनी म्हणाल्या, "चुकत जा हो अधूनमधून." आणि सगळ्यात शेवटी खरी परीक्षा. मी अंगणात कुठेही खडा टाकायचा, खडा पडेल तिथून एकदाच मारायचा. मारण्याआधी भोकापर्यंत चालत जायचं, मागून उतार बघायचा, परत यायचं, एक श्वास, आणि मग. मारल्यावर मान उचलायची नाही, नुसतं ऐकायचं. मी म्हटलं, "एका चेंडूला एवढा वेळ? इतक्यात माझा चहा होतो." तो म्हणाला, "तुझा चहा आणि तुझं पटिंग, दोन्हींत राम नाही तो त्यामुळेच."

सकाळभरात जेमतेम वीसेक चेंडू मारून तो घामाघूम व्हायचा. आधी शेकडो मारून शीळ घालत आत जायचा. फरक काय तो मला तेव्हा समजला. आधी त्याला चेंडू पडलेला बघायचा असायचा. आता आपण कुठे चुकतो ते बघायचं होतं.

दोन पावसाळे आले, दोन्ही वेळा अंगण गेलं, दिवाळीनंतर पुन्हा झालं. डबा दर वेळी पुन्हा पुरला. आणि या सगळ्या काळात दर रविवारी निखिलचा फोन यायचा. दत्ता आधीपासून फोनशी बसलेला असे. निखिल बीपीच्या गोळ्या विचारायचा, आंब्याच्या पेट्या कुठल्या गाडीने पाठवल्या विचारायचा. दत्ता म्हणायचा, "यंदा अंगण छान झालंय हां." निखिल म्हणायचा, "बाबा, ब्लॉक का नाही घालून घेत? आईला किती त्रास त्या सारवण्याचा." दत्ता म्हणायचा, "हां... बघू." दुसऱ्या रविवारी म्हणायचा, "पुण्याला हवा कशी आहे? गवत असेल नाही आता क्लबवर?" निखिल म्हणायचा, "ट्रॅफिक खूप वाढलंय बाबा." मी शेजारी बसून ऐकत असे. दोन शहाणी माणसं एका दाराच्या दोन बाजूंना उभी राहून वाट बघतायत आणि कडी कोणी काढत नाही. एका रविवारी फोन ठेवल्यावर वहिनी वैतागून म्हणाल्या, "सरळ सांगा ना त्याला, मला पुन्हा खेळायचंय म्हणून." दत्ता म्हणाला, "सांगितलं तर लगेच बोलावेल गो. पण ते मला बरं वाटावं म्हणून. त्याला खेळायचं असेल तर तो बोलावेल." वहिनी म्हणाल्या, "आणि नाही बोलावलं तर?" दत्ताने पटर फडक्याने पुसला आणि म्हणाला, "तोवर हात अजून बसेल."

हे वाक्य मला आता छळतं. सराव वाईट नाही, पण त्यात एक सोय असते. तो उद्याही करता येतो. चेंडू कुठून का चुकतो याचं कारण त्याने शोधून काढलं, पण फोन उचलून लेकाला चार शब्द म्हणायची भीती त्याने कधी उघडून बघितली नाही. उलट दर आठवड्याला तिच्यावर एक नवा हात सारवत गेला. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. जिवंतपणी मी हे त्याला तोंडावर सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "तुझा खडा टाक."

शेवटी मीच उद्योग केला. एका सकाळी मी खडा टाकला तो पार पायरीच्या कोपऱ्यात पडला, अंगणातली सगळ्यात लांबची आणि नाठाळ जागा. गोणपाट ओलं होतं. मी हळूच मोबाईल काढला. दत्ता भोकापर्यंत चालून आला, परत गेला, श्वास घेतला, ढकलला. चेंडू आधी तुळशीकडे जातोय असं वाटलं, मग वळला, मंद होत होत कडेशी आला, आणि डब्यातून आवाज आला. दत्ताने मान उचलली नाही. जमिनीकडे बघतच हसला आणि म्हणाला, "आता बोलावलं तर जाईन." मी ती फिल्म तिथल्या तिथे निखिलला पाठवून दिली. घरी येऊन बघतो तर तिच्यात दत्ताचे पाय होते, चेंडू निघताना दिसत होता आणि लगेच चौकटीबाहेर गेला होता. पुढे नुसतं गोणपाट, कोपऱ्यात माझं बोट, आणि लांबून कुठूनतरी टण. जिल्हाभरची लग्नं टिपलेला फोटोग्राफर मी, आणि आयुष्यातला एकच महत्त्वाचा चेंडू चौकटीत धरता आला नाही. निखिलचं उत्तर आलं, "मस्त काका." आणि खाली अंगठा. मी दत्ताला ते दाखवलं नाही. त्यानंतर महिनाभरात ती अर्धी दाढी.

निखिल त्याच दिवशी दुपारपर्यंत पोचला. सगळं व्यवस्थित केलं त्याने, काही कमी पडू दिलं नाही. दहाव्याचं आटोपल्यावर संध्याकाळी मी ओटीवर बसलो होतो. तो आतून पटर घेऊन आला आणि अंगणात उतरला. गोणपाट काढून ठेवलेलं होतं, सुतकात सारवलं नव्हतं म्हणून अंगणाला भेगा पडायला लागल्या होत्या. त्याने चेंडू ठेवला, झोकात उभा राहिला आणि ढकलला. चेंडू भोकाशेजारून सुसाट गेला आणि गडग्यावर आपटला. "एवढं पळतं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणून तर गोणपाट घालायचा तो. ओलं करून. तुमच्या गवतासारखं व्हावं म्हणून."

"कशासाठी पण?" निखिलने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी दारातून बोलल्या. आवाज चढवला नाही. "तू पुन्हा बोलावशील म्हणून. दोन वर्षं."

निखिलने पटर जमिनीला टेकवला. मग म्हणाला, "मला वाटलं, त्यांना तो दिवस आठवायलासुद्धा नको असेल. मी हसलो होतो ना... मलाच तोंड नव्हतं, आई. काकांनी ती फिल्म पाठवली तेव्हा वाटलं, गंमत म्हणून पाठवलीय."

आई आता काहीतरी म्हणेल म्हणून तो थांबला. मीही थांबलो. असू दे रे, तुझ्या मनात काही नव्हतं, असं काहीतरी अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. वहिनी म्हणाल्या, "पाय धुऊन आत ये. दिवेलागण झाली."

मला निखिलची दया यायला हवी. चांगला मुलगा आहे, आणि आता त्याला हे जन्मभर पुरेल. पण अजून तरी येत नाही. दत्ताचा राग येतो, निखिलचा येतो, त्या 'मस्त काका'चा येतो, माझ्या बोटाचा येतो. सगळ्यांना मिळून वाटून घ्यावा इतका तो आहे.

सुतक फिटलं की घर-अंगण सारवून घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेण घेऊन गेलो, तेवढं एक काम मला अजून होतं. वहिनी एकट्याच बसल्या होत्या, शेजारी मातीची घमेली. मी बघत असताना त्यांनी डबा उपसून काढला, गडग्याशी ठेवला, खड्ड्यात माती भरली, पाणी शिंपडलं आणि चोपण्याने चोपली. मग वरून सारवत गेल्या. हात कुठे आखडला नाही, कुठे गोल फिरला नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. निखिल चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि पायरीवरच थबकला. "आई, होल कुठाय?"

"बुजवला," वहिनी म्हणाल्या. "कोणाचा पाय मुरगळायचा."

तो पुण्याला गेला. ब्लॉकचं बोलून गेलाय, पावसाआधी माणसं येतील. मी अजून सकाळी स्कूटर काढतो, तिकडे जातो, ओटीवर बसतो. वहिनी चहा देतात. सारवण ओलं असतं तोवर सगळं अंगण एकसारखं दिसतं. मग ऊन चढतं, पायरीकडून वाळत येतं, गडग्यापर्यंत पांढुरकं होतं. तुळशीच्या अलीकडे मात्र वाटीएवढी एक गोल जागा तशीच काळपट ओली राहते. भरावाची माती जास्त पाणी पिते, त्यामुळे. वहिनीही तिकडे बघत असतात. ती वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथून उठत नाही.